लांबलेली फिट थांबल्यावर माणूस कितपत सावरतो, हे कशावर ठरतं

फिट थांबलेली असते, घशात नळी, व्हेंटिलेटर चालू, आणि पेशंट डोळे उघडत नाही. बाहेर बसलेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात: "शुद्धीवर कधी येईल?" आणि "तासभर झटके चालले होते, मेंदूला काही झालं असंल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांचं उत्तर द्यायचं तर आधी तिसरंच विचारावं लागतं: फिट आली कशामुळं? सावरण्याच्या हिशोबात सगळ्यांत जास्त वजन कारणाचं असतं. वय, फिट किती वेळ चालली, बेशुद्धी किती खोल होती, आयसीयूत पुढं काय काय झालं, हे त्याच्या मागून येतं. तालुक्याच्या दवाखान्यातले वैद्यकीय अधिकारी, आयसीयूतले सिस्टर-ब्रदर आणि पेशंटजवळ थांबणारा घरातला कुणी जाणता माणूस, अशा तिघांना डोळ्यांपुढं ठेवून हे लिहिलं आहे. औषधांचे डोस अर्थातच पहिल्या दोघांसाठी.

आधी वेळेचं बघू. अंगभर झटक्यांची बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. ५ मिनिटं उलटूनही थांबली नाही, किंवा मध्ये शुद्धीवर न येता दुसरी आली, तर ती आता आपोआप थांबण्याची शक्यता कमी, असं धरून उपचार सुरू करायचे. ३० मिनिटांपुढं मेंदूच्या पेशींना कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेनं २०१५ साली व्याख्या बदलली तेव्हा हे दोन्ही आकडे मुद्दाम वेगळे ठेवले: एक औषध कधी द्यायचं ते सांगतो, दुसरा नुकसान कधी सुरू होतं ते. शुद्ध हरपून मेंदूच्या एकाच भागात चालणाऱ्या फिटसाठी हेच आकडे १० आणि ६० मिनिटं असे आहेत.

उशीर एवढा महाग का पडतो? मेंदूला शांत करणाऱ्या गाबा रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर) पेशीच्या पृष्ठभागावर असतात, आणि मिडाझोलाम, लोराझेपाम ही औषधं त्यांच्यावरच काम करतात. फिट लांबली की हे ग्राहक पेशीच्या आत ओढले जातात आणि उत्तेजन देणारे एनएमडीए ग्राहक वर येतात. म्हणजे पाचव्या मिनिटाला जो डोस पुरला असता, तोच चाळिसाव्या मिनिटाला अपुरा पडतो.

आता कारणं. पाठ्यपुस्तकात लांबलचक यादी असते. मराठवाड्यातल्या वॉर्डात दिसणारी यादी थोडी वेगळी आहे.

सगळ्यांत चांगलं सावरणारा गट म्हणजे जुना फेफऱ्याचा रुग्ण, ज्याच्या गोळ्या सुटल्या. गोळ्या संपल्या, पैसे नव्हते, नवरात्राचे उपवास धरले, कुणीतरी सांगितलं म्हणून बंद केल्या. मेंदूत नवीन काही घडलेलं नसतं; औषधाची पातळी पुन्हा वर आली की माणूस बहुधा एक-दोन दिवसांत पूर्वीसारखा होतो. मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठीमुळं आलेली फिटही वेळेत आवरली तर बहुतेक जण पूर्ववत होतात. बाळंतपणानंतर मेंदूतल्या शिरेत रक्त गोठून येणारी फिट दिसायला भयंकर असते. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, तरीही त्यावर रक्त गोठू न देणारं हेपारिनच द्यावं लागतं, आणि या बायका बऱ्याचदा छान बऱ्या होतात. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत काही घरांत अजून आहे. ती सोडलेली बरी, कारण अंगातलं पाणी घटलं की रक्त घट्ट होतं.

गरोदरपणातल्या झटक्यांचं औषध वेगळं आहे: मॅग्नेशियम सल्फेट, ४ ग्रॅम शिरेतून हळू आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. प्रत्येक पुढच्या डोसआधी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वासाचा दर आणि लघवी पाहायची. इथं फेनिटॉईन हे फिटचं नेहमीचं औषध हाताशी आहे म्हणून देण्याची चूक होऊ नये.

मधल्या गटात दारू सुटल्यावर ६ ते ४८ तासांत येणारी फिट, सोडियम उतरणं, साखर उतरणं आणि विषबाधा. यांत माणूस कितपत सावरतो हे बरंचसं आपल्या हातात असतं. साखर तर प्रत्येक फिटमध्ये पहिल्या मिनिटाला ग्लुकोमीटरनं तपासायची. मधुमेहाची गोळी खाऊन जेवण टाळलेल्या म्हाताऱ्या माणसाला २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली वेळेत मिळालं तर तो उठून बसतो. चार तासांनी मिळालं तर कदाचित कधीच नाही. दारू पिणाऱ्याला ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायामिन १०० मिलिग्रॅम.

सोडियमचा धोका दोन्ही बाजूंनी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी खाणारी म्हातारी माणसं ११०-११५ सोडियम घेऊन फिटमध्ये येतात. ३ टक्के सलाईन १०० ते १५० मिली १०-२० मिनिटांत द्यायचं. सोडियम ४ ते ६ नी वर आलं की झटके सहसा थांबतात, आणि तिथं हात आखडायचा. २४ तासांत ८-१० पेक्षा जास्त वाढ झाली तर मेंदूच्या तळाशी नसांवरचं आवरण विरघळतं. हे लगेच दिसत नाही. फिट थांबते, माणूस बोलायला लागतो, घरचे खूश होतात, आणि चार-पाच दिवसांनी गिळणं, बोलणं, हातपाय सगळं जातं. त्यामुळं पहिल्या दिवशी दर ४ तासांनी सोडियम पाहणं हा पुढच्या सावरण्याचाच भाग आहे.

फवारणीच्या औषधाची विषबाधा असेल तर ॲट्रोपिनसोबत मिडाझोलाम किंवा डायझेपाम. विषामुळं आलेल्या झटक्यांवर फेनिटॉईनचा उपयोग होत नाही. वेळ मात्र जातो. नळी टाकताना स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीनही टाळलेलं बरं, कारण ते तोडणारं एन्झाइमच या विषानं बंद पाडलेलं असतं आणि माणूस तासन्तास लुळा राहतो. लहान मुलांत एक कारण घराघरात पडलेलं असतं: कापूर. देव्हाऱ्यातली वडी मुलानं गिळली की अर्ध्या-पाऊण तासातही झटके येऊ शकतात. मूल फिटमध्ये आलं की हे विचारायलाच हवं, कारण आपणहून कुणी सांगत नाही.

वाईट बाजूला क्षयाचा मेंदूज्वर, मोठा पक्षाघात, मेंदूचा तीव्र संसर्ग, आणि सगळ्यांत शेवटी प्राणवायू तुटल्यामुळं आलेली फिट: हृदय बंद पडून सुरू झालेलं, विहिरीतून काढलेला, गळफासातून सोडवलेला. या शेवटच्या गटात पहिल्याच दिवसात अंग सतत टिचकत असेल तर आशा कमी असते, आणि ते घरच्यांना गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. क्षयाच्या मेंदूज्वरात वेळीच टीबीची औषधं, डेक्सामेथासोन आणि मेंदूत पाणी साचलं असेल तर ते काढणारी नळी (शंट), यावर सावरणं ठरतं. औषधांची भांडणंही याच रुग्णांत: टीबीच्या आयसोनियाझिडमुळं फेनिटॉईन रक्तात साठतं, तर टीबीचंच रिफाम्पिसिन व्हॅल्प्रोएटसारखी फिटची औषधं लवकर संपवतं. म्हणून इथं लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध सोयीचं.

एका आजाराबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. तरुण मुलगी, आठ-पंधरा दिवस विचित्र बोलणं-वागणं, घरच्यांनी आधी देवाचं केलं, मग फिट, मग तोंड-जीभ चाळवत राहणं, नाडी आणि बीपी वरखाली. शरीरानंच मेंदूच्या एनएमडीए ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, असा हा आजार. आयसीयूत महिना-दोन महिने जातात, आणि "एवढे दिवस झाले, आता काय उरलं?" म्हणून घरी न्यायची घाई होते. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, आणि बीजाशयात गाठ असेल तर ती काढणं, एवढं झालं तर यातले बहुसंख्य रुग्ण दोन वर्षांत चांगले होतात. व्हेंटिलेटरवरचे दिवस मोजून भविष्य सांगू नये, ते यासाठी.

कारण आपल्याला बदलता येत नाही, पहिला तास बदलता येतो. आणि माझ्या मते या तासात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे अर्धा डोस. "श्वास थांबेल" या भीतीनं ६० किलोच्या माणसाला २ मिलिग्रॅम मिडाझोलाम दिलं जातं. श्वास लांबलेल्या फिटनंच जास्त थांबतो. सलाईन लागलेलं नसेल तर ४० किलोवरच्या माणसाला मिडाझोलाम १० मिलिग्रॅम मांडीत, १३ ते ४० किलोला ५ मिलिग्रॅम. २०१२ च्या अमेरिकी अभ्यासात ॲम्ब्युलन्समध्ये स्नायूत दिलेल्या मिडाझोलामनं ७३ टक्के, तर शिरेतल्या लोराझेपामनं ६३ टक्के रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत झटक्यांतून बाहेर आले होते. सुई मांडीत लगेच टोचता येते, शीर सापडायला वेळ जातो, एवढाच फरक. आपल्याकडं आणखी एक: लोराझेपामला फ्रिज लागतो, मिडाझोलामला नाही. वीज जाणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे महत्त्वाचं. फक्त वायलवर पाहा: १ मिलीत १ मिलिग्रॅमवाली असेल तर १० मिली स्नायूत जात नाही, १ मिलीत ५ मिलिग्रॅमवाली साठ्यात हवी. डायझेपाम शिरेत चालतं, स्नायूत नाही. तिथून ते नीट शोषलं जात नाही.

दुसऱ्या टप्प्याचं औषध थांबलेल्या फिटलाही लागतं, कारण मिडाझोलाम लवकर उतरतं. किनवट-माहूरच्या बाजूनं नांदेडला किंवा धारूरच्या डोंगरातून अंबाजोगाईला पाठवायचं असेल तर हे औषध निघण्याआधी सुरू व्हायला हवं, पोचल्यावर नाही. लेव्हेटिरासिटाम ६० मिलिग्रॅम प्रति किलो (जास्तीत जास्त ४५००), व्हॅल्प्रोएट ४० (३०००), किंवा फेनिटॉईन २०. २०१९ साली लेव्हेटिरासिटाम, व्हॅल्प्रोएट आणि फॉसफेनिटॉईन यांची समोरासमोर तुलना झाली. यश अनुक्रमे ४७, ४६ आणि ४५ टक्के. म्हणजे कुठलं दिलं यापेक्षा पूर्ण दिलं का, हे मोठं. ६० किलोला फेनिटॉईन १२०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे १०० मिलिग्रॅमची १२ अँप्यूल. "तीन अँप्यूल दिल्या" असं रेफर चिठ्ठीवर असेल तर रुग्णाला ते औषध मिळालेलंच नाही असं समजायचं. फेनिटॉईन नॉर्मल सलाईनमध्येच. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे खडे होतात. मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जलद नाही, म्हाताऱ्यांना २५, मॉनिटर लावून, मोठ्या चांगल्या शिरेतून. शिरेबाहेर गेलं तर हात जांभळा पडून सडू शकतो. गर्भवतीला आणि लिव्हर खराब असलेल्याला व्हॅल्प्रोएट नको.

चिठ्ठीवर तीन गोष्टी घड्याळाच्या वेळेसह लिहा: फिट किती वाजता सुरू झाली, कोणतं औषध किती मिलिग्रॅम किती वाजता, आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिलं का. तिसरी गोष्ट सर्रास राहते. व्हेक्युरोनियम दिलेल्या माणसाचं अंग शांत असतं, पण मेंदूत फिट चालूच असू शकते.

थांबलेल्या फिटखाली चालू असलेली फिट हेच न उठण्याचं एक मोठं कारण. १९९८ च्या एका अभ्यासात झटके थांबल्यानंतर सलग ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) लावला, तेव्हा जवळजवळ निम्म्या रुग्णांत ईईजीवर फिट दिसत राहिली. १४ टक्क्यांत तर ती सलग चालू होती. म्हणून झटके थांबून अर्धा-पाऊण तास झाला तरी माणूस हळूहळू जागा होत नसेल, तर ईईजी. वीस मिनिटांच्या पट्टीत हे निसटतं. बेशुद्ध माणसाला २४ ते ४८ तास लावलेला बरा. सलग ईईजी आपल्या बहुतेक जिल्ह्यांत मिळत नाही, तर निदान सकाळ-संध्याकाळ दोनदा काढावा, आणि मधल्या वेळात सिस्टरनं पापणी उचलून पाहावं. बुबुळ एका बाजूला ओढलेलं, डोळा थरथरणारा, ओठाचा कोपरा किंवा अंगठा बारीक टिचकणारा दिसला तर लगेच कळवावं.

दोन औषधांनी थांबत नाही तेव्हा भूल द्यावी लागते: मिडाझोलाम, प्रोपोफॉल, केटामिन, थायोपेंटोन. यात किती खोल जायचं यावर तज्ज्ञांत वाद आहे. सरसकट ईईजी सपाट करण्याचा हट्ट मला पटत नाही. फिट थांबली एवढं पुरेसं असतं. त्यापुढच्या प्रत्येक पायरीला बीपी पडतं, न्यूमोनिया वाढतो, आतडी थंडावतात. प्रोपोफॉल ताशी ५ मिलिग्रॅम प्रति किलोच्या वर ४८ तासांपुढं नेलं तर रक्त आम्ल होतं, स्नायू विरघळतात, हृदय बसतं; लहान मुलांत तर जास्तच. केटामिननं बीपी सहसा पडत नाही आणि ते एनएमडीए ग्राहकावर काम करतं, म्हणून उशिरा आलेल्या रुग्णात ते शेवटी ठेवू नये. भूल २४ ते ४८ तास टिकवून हळूहळू उतरवायची. उतरवताना फिट परतली तर तो आणखी अवघड गट. आणि अंग ३३ अंशांपर्यंत थंड करण्यानं फायदा होत नाही, हे फ्रान्समधल्या २०१६ च्या अभ्यासानं दाखवलं. ताप मात्र उतरवलाच पाहिजे.

अंदाज बांधायला एक सोपी गुणपद्धत आहे, स्टेस नावाची, ० ते ६. वय ६५ किंवा वर असेल तर २. पूर्वी कधी फिट आलेली नसेल तर १. उपचाराआधी गुंगी खोल किंवा बेशुद्धी असेल तर १. अंगभर झटके असतील तर १, बेशुद्धीत झटक्यांविना चाललेली फिट असेल तर २. गोळ्या सोडलेला ३० वर्षांचा जुना रुग्ण बेशुद्ध आणि झटक्यांत आला तर त्याचे २ होतात. पहिल्यांदाच तशी फिट आलेल्या ७० वर्षांच्या माणसाचे ५. ०-२ असेल तर जीव वाचण्याची खात्री बरीच देता येते. ५ आले म्हणून आशा सोडायची नसते. कारण कोणतं हे या पद्धतीत मोजलेलंच नाही, आणि माझ्या लेखी तीच तिची मोठी उणीव.

आता "उठत का नाही?" याकडं. मेंदू गेला असं म्हणण्याआधी पाहायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. मिडाझोलाम दिवसेंदिवस चालवलं आणि किडनी मंद असेल तर ते अंगात साठून राहतं. फेनोबार्बिटोन अर्धं उतरायलाच तीन-चार दिवस घेतं. व्हॅल्प्रोएटमुळं लिव्हरचे रिपोर्ट चांगले असतानाही अमोनिया वाढून गुंगी येते. अमोनिया तपासा, औषध बदला, माणूस जागा होतो. फेनिटॉईनची पातळी ८ आली म्हणून कमी समजून डोस वाढवला जातो, पण अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २ असेल तर हिशोब वेगळा: ०.२ ला अल्ब्युमिननं गुणून ०.१ मिळवायचे आणि आलेल्या आकड्यानं पातळीला भागायचं. इथं ८ भागिले ०.५, म्हणजे खरी पातळी १६, अगदी योग्य. वाढवलेल्या डोसनं तोच रुग्ण गुंगीत जातो. किडनी बिघडलेल्याला सेफेपिम हे अँटिबायोटिक पूर्ण डोसमध्ये चालू असेल तर ते स्वतःच फिट घडवतं. आणि व्हॅल्प्रोएटवरच्या रुग्णाला न्यूमोनियासाठी मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं की एक-दोन दिवसांत व्हॅल्प्रोएटची पातळी कोसळते, डोस वाढवूनही भरून निघत नाही, फिट परत येते. ही जोडी टाळायची, किंवा आधीच लेव्हेटिरासिटाम जोडायचं.

एमआरआयवरही घाईनं विसंबू नये. लांबलेल्या फिटनंतर हिप्पोकॅम्पस (मेंदूचा आठवणींचा भाग) किंवा मेंदूचा पृष्ठभाग पांढरा चमकतो, पक्षाघातासारखा. पुष्कळदा काही आठवड्यांनी तो निवळतो. भूल पूर्ण उतरल्यावर किमान ७२ तास गेल्याशिवाय "आता काही होणार नाही" हे वाक्य कुणी उच्चारू नये.

मेंदूखालच्या शरीराचं काय? झटक्यांनी स्नायू तुटून सीके (स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम) ५०००च्या वर गेला तर किडनी वाचवायला सलाईन भरपूर लागतं. शुद्धीवर आल्यावर खांदा हलत नसेल तर तो मागच्या बाजूला निखळला असू शकतो, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत हे चुकतं. पाठ दुखत असेल तर मणका दबलेला असू शकतो. डोक्याची बाजू ३० अंश वर, दर २ तासांनी कूस बदलणं, दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपिस्टकडून सांधे हलवणं, नळीतून किलोमागं २५ कॅलरी आणि १.२ ग्रॅम प्रथिनं: या कामांना नाव नसतं, पण दोन आठवड्यांनी माणूस चालत घरी जातो की स्ट्रेचरवर, हे बरंचसं त्यांवर ठरतं. फेनिटॉईन नळीतून देताना आधी आणि नंतर तास-दोन तास आहार थांबवावा, नाहीतर ते शोषलं जात नाही.

घरी गेल्यावर पहिले दोन-तीन महिने विसरभोळेपणा, चिडचिड, झोप बिघडणं चालतं. लेव्हेटिरासिटामनं चिडचिड फार झाली तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. विहिरीवर, शेततळ्यावर, ट्रॅक्टरवर आणि चुलीपुढं एकटं नको. मूल व्हायच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएटवर घरी पाठवलं असेल तर ते बदलता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. नाकात मारायचा मिडाझोलामचा पंप घरात ठेवावा, किलोमागं ०.२ मिलिग्रॅम, एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून किती फवारे मारायचे ते डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्यावं. ५ मिनिटं झाली की पंप, कुशीवर वळवणं, १०८. कांदा, चप्पल, दातांत चमचा, यातलं काही नाही.

बीड, धाराशिव, परभणीकडची बिऱ्हाडं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. जिल्हा रुग्णालयातून एका महिन्याच्या गोळ्या घेऊन निघालेला माणूस तिथं कारखान्याच्या तळावर डिसेंबरात रिकामा होतो. निघण्याआधी जास्तीत जास्त जितक्या मिळतील तितक्या गोळ्या, औषधाचं कंपनीचं नव्हे तर मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी, तिचा मुकादमाच्या आणि घरच्यांच्या फोनमध्ये फोटो, आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव त्याच चिठ्ठीच्या पाठीमागं.